कॅमेऱ्याच्या वेगाचा डबा

आधीच कबूल करते, तो डबा मी जाळला. नीट केला तोही मीच, पण लोक सांगताना एवढंच सांगतात आणि पहिलं गाळतात.

सेलूला आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या शेजारी बसून बसून माझाही हात बसला. ते गेल्यावर मीच चालवायला लागले. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. दंगलीत देवगाव फाट्याकडच्या गावात माझ्या सासूबाईंचं, आत्याबाईंचं, घर जाळलं, तेव्हापासून त्या आमच्याकडं. त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. मग पुण्याहून एक कॅमेरेवाले आले, अशा घरांच्या हकिगती फिल्मवर घेत फिरणारे. आत्याबाई म्हणाल्या, "सांगते. पण एकदाच. पुन्हा पुन्हा घर जाळून दाखवायचं न्हाई मला."

कॅमेरा आतल्या विजेच्या मोटारीवर चालायचा. मोटारीनं किती वेगानं पळायचं, हे ठरवायला बाहेरून एक डबा जोडायचा, जेवणाच्या डब्याएवढा. सेकंदाला पंचवीस चित्रं, कमी नाही, जास्त नाही. आवाज घ्यायचा वेगळ्या टेपवर. वेग जरा चुकला की पडद्यावर ओठ एकीकडं आणि बोलणं दुसरीकडं.

त्यांची बॅटरी उतरलेली. म्हटलं, आमची घ्या, मीच जोडते. आता आमच्या दुकानात हाताला येईल ती वायर वापरायची, लाल काय अन् काळी काय. प्लसच्या वायरला मी गाठ मारून ठेवायचे. त्यांच्या काळ्या वायरला गाठ दिसली, मी बिनधास्त प्लसला लावली. त्यांची काळी वायर मायनसची, गाठ नुसती निसटू नये म्हणून मारलेली! डब्यातून धूरच आला.

कॅमेरेवाले भले माणूस. म्हणाले, "असू द्या ताई. आज नुसता आवाज घेऊ. चित्रात पडक्या भिंती दाखवता येतील."

"भिंती?" आत्याबाई उसळल्या. "भिंती बोलायल्यात का? माझं तोंड दिसू द्या. न्हाईतर लोक म्हणतील, कोण बाई बोलायलीय काय ठावं." मग माझ्याकडं वळल्या, "अन् तू गं? एक जळालं ते कमी व्हतं का?"

"मला चार तास द्या," म्हटलं आणि डबा उघडला.

मोठा ट्रान्झिस्टर गेला होता. तसाच एक जयंतीला लावायच्या आमच्या ॲम्प्लिफायरमध्ये होता. काढला, बसवला. मोटार फिरली. पण नुसती फिरून काय उपयोग, वेग बघायला नको?

कॅमेऱ्याच्या बाजूला एक चाकी होती, एका चित्राला एक फेरा घेणारी. तिच्यावर चार काळ्या पट्ट्यांचा कागद चिकटवला आणि कॅमेरा ट्यूबलाइटखाली धरला. ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, आणि पंचवीस चोक शंभर. रेकॉर्ड प्लेअरचा वेग आम्ही असाच बघायचो. वेग बरोबर असला की फिरत्या पट्ट्या जागच्या जागी उभ्या दिसतात. डब्यातला बारीक स्क्रू फिरवत फिरवत पट्ट्या उभ्या केल्या.

"झालं! बसा आजी," कॅमेरेवाले म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "या वक्ताला शेताशेतात पंप चालू असतात. तवा आमची लाइटच दमानं चालती, ट्यूब पण हळू लुकलुकती. रेकॉर्ड पण हळू फिरती, गाणारी बाई रडायला लागती."

रद्दी फिल्म घातली. घड्याळ लावून बरोबर एक मिनिट पळवली, दोन्ही टोकांना खूण केली आणि शिवणकामाच्या टेपनं मोजली. पंचवीस चित्रांच्या वेगानं मिनिटाला साडेसदतीस फूट पाहिजे होती. नऊ इंच कमी भरली.

"नऊ इंचानं काय होतंय ताई?"

"एका मिनिटाला नऊ इंच. आत्याबाई धा मिनिटं बोलल्या म्हंजे?"

पुन्हा स्क्रू, पुन्हा फिल्म, पुन्हा टेप. आत्याबाई बाजेवरून बघत होत्या. "कापड बेतायलीस का काय गं?" म्हणाल्या. चौथ्या खेपेला साडेसदतीस भरले. आता ट्यूबखाली पट्ट्या हळूहळू पुढं सरकायला लागल्या. कॅमेरेवाले बिचकले.

"सरकू द्या," मी म्हटलं. "ट्यूब चुकायलीय, आपण न्हाई."

आत्याबाई बोलल्या. पूर्ण रीळ बोलल्या, पाणीसुद्धा मागितलं नाही. मी डब्यावर हात ठेवून बसले होते, तापला तर कळावं म्हणून.

काही महिन्यांनी तेच कॅमेरेवाले फिल्म घेऊन आले. विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, सगळी वस्ती बसली. लोक ऐकत होते. मी मेली नुसते ओठ बघत होते. भ, म, प आला की ओठ मिटायला पाहिजेत, आणि चूक साचत जाते, म्हणजे दिसेल ती शेवटाला. शेवटी आत्याबाई पडद्यावर म्हणाल्या, "तव्यावर टाकलेली तशीच राह्यली, भाकर."

'भ'ला ओठ मिटले. बरोबर 'भ'लाच.

शेजारी आत्याबाईंनी माझा हात दाबला. "मीच हाय की गं ती," म्हणाल्या.