रस्त्याचं डाएट

जुन्या भांडीबाजारात महापालिकेने नव्या रस्त्याच्या आराखड्याचा फलक लावला. मजकूर सगळा इंग्रजीत. "ही इंग्लिश मीडियमची, हिला विचारा," म्हणत दुकानदारांनी मला पुढे ढकललं. मी चाचरत वाचलं, "रस्त्याचं डाएट. गाड्यांच्या दोन रांगांऐवजी एकच."

"रस्त्याला डाएट?" कोणीतरी हसलं. "आणि उपाशी आम्ही मरायचं!"

तांब्याचे बंब घडवणारे तात्या हसले नाहीत. त्यांनी हातोडा उचलला. "टेम्पो दाराशी आला नाही तर बंब काय गिऱ्हाईक डोक्यावरून नेणार?" पहिल्याच घावाला फलकाचा पत्रा किंचाळला. दुसऱ्या घावाला तो फाटला, तिसऱ्याला खांब वाकला.

"हाणा तात्या, सोडू नका!"

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. एवढ्या रागातही घाव कुठेच चुकत नव्हता. ज्या सवयीने पत्र्याला गोलाई येते, त्याच सवयीने तो फाटत होता. मोडण्यासाठी माणसाला वेगळं काही शिकावं लागत नसावं.

गेल्या महिन्यात याच बाजारात फुटपाथ नाही म्हणून आई गाड्यांमधून चालत होती. एका स्कूटरने तिचा हात मोडला. इथे मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तात्या धापा टाकत वळले. "पोरी, खाली अजून काय लिहिलंय?"

शेवटची ओळ शाबूत होती: पायी चालणाऱ्यांसाठी रुंद फुटपाथ.

"काही नाही, तात्या," मी म्हणाले. हातोड्याची भीती मला वाटली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते, एवढंच.