उस्ता होलमतनी कबूल केलेली चूक

उस्ता होलमतच्या आणि माझ्या दुकानांमध्ये एकच भिंत आहे, तीही फळ्यांची. मी घड्याळं दुरुस्त करतो, ते टीव्ही. मुरलेल्या कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. मर्गिलान गावच्या बाजारात बावीस वर्षं मी फळ्यांच्या फटीतून त्यांची कटकट ऐकत आलोय. हातात कसब भरपूर, पण तोंड? विचारू नका. आणि चूक कबूल करणं तर रक्तातच नाही. एकदा नुकताच दुरुस्त केलेला टीव्ही गिऱ्हाइकासमोर धूर सोडायला लागला, तर म्हणाले, "आत साचलेला धूर बाहेर पडतोय. आता पन्नास वर्षं बघायला नको!" वर त्याच गिऱ्हाइकाकडून चहा उकळला.

अशा माणसाला यंदा आमच्या घरच्या वाटेवर राहणाऱ्या इन्नोबत आपाच्या टीव्हीने रडकुंडीला आणलं.

टीव्ही जुना, काचेच्या नळीचा, दोघांनी उचलायचा. चालता चालता मध्येच फट्‌कन बंद पडायचा. दहा-पंधरा मिनिटांनी बटण दाबलं की पुन्हा सुरू. बरं, रोज पडेल तर शपथ. उस्ता पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मागचं झाकण काढलं, संशय आला तो प्रत्येक सांधा नव्याने सोल्डर केला आणि दोन तास समोर ठाण मांडून बसले. तीन किटल्या चहा नि वाटीभर बेदाणे पोटात गेले. टीव्ही अगदी शहाण्यासारखा चालला. ते घरी पोचून टोपी काढतात तोच निरोप आला, बंद पडला.

दुसऱ्या खेपेला कपॅसिटर बदलले. तिसऱ्या खेपेला बटण, वायर, प्लग, सगळं. वीज कमी-जास्त होत असेल म्हणून स्वतःचा स्टॅबिलायझर नेऊन लावला. चौथ्या खेपेला वैतागून टीव्हीच हातगाडीवर घालून दुकानात आणला आणि दोन दिवस सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत चालू ठेवला. निम्मा बाजार माझ्या दारात उभा राहून मालिका बघत होता. माझं एक गिऱ्हाईक आत येऊ शकलं नाही. टीव्ही एकदाही बंद पडला नाही.

"माझ्यासमोर चालतो आणि पाठ वळली की मरतो!" उस्ता फळीवर मूठ आपटून ओरडले. "हा टीव्ही आहे की जावई?"

"उस्ता, द्या ना सोडून. भंगारात घाला म्हणावं."

"तू तुझ्या घड्याळांच्या काट्यात डोकं घाल, घड्याळ्या. होलमतच्या हातून टीव्ही भंगारात जात नसतो."

पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यांना जेवू देत नव्हती. इन्नोबत आपाच्या घरी वसंतात सून आली होती, मुअत्तर. एकोणीस वर्षांची. लग्नानंतर महिन्याभरात नवरा रशियात कामाला गेला आणि पोरगी सासूच्या तावडीत एकटी राहिली. पहाटे उठून अंगण झाडायची, आल्यागेल्याला वाकून सलाम करायची, तोंडातून चकार शब्द नाही. टीव्ही बंद पडायला लागला तो नेमका ती आल्यापासून. सासूला तेवढंच पुरलं. पाचव्या खेपेला उस्तांबरोबर मीही गेलो होतो, तेव्हा आपा सुनेच्या देखत म्हणाली, "अठरा वर्षं धड चालला हो हा टीव्ही. हिचा पाय लागला नि सगळं बिघडलं. कोंबड्या मेल्या, तंदूरला चीर गेली. रविवारी हिच्या बापाला बोलावलंय. म्हणणार आहे, घेऊन जा बाबा तुझं रत्न."

पोरगी चहा ओतत होती. तिच्या हातून चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला.

"बघा!" आपा म्हणाली.

आणि टीव्ही? पाच फुटांवर मजेत चालू होता. मला तर उठून त्याला लाथ घालावीशी वाटली.

तो बुधवार होता. शुक्रवारी दुकानं बंद करून आम्ही घरी निघालो. आपाच्या फाटकावरून जाताना आतून मालिकेचा आवाज येत होता. एकाएकी तो थांबला, आणि पाठोपाठ आपाचा सूर लागला, "मेला परत! अगं अवदसे..."

उस्ता जागच्या जागी थबकले. पुढच्या क्षणी फाटक ढकलून आत. हाक नाही, खाकरणं नाही, आमच्याकडे असं कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. मी मागून "उस्ता, अहो उस्ता" करतोय. जोडे दारात भिरकावून ते थेट बैठकीत गेले.

आणि तिथे आम्हाला पहिल्यांदा तो टीव्ही दिसला, रोज असतो तसा.

त्याच्यावर एक आच्छादन होतं. जांभळी मखमल, वर सोनेरी जरीचं भरतकाम, आतून जाड अस्तर. पडदा दिसावा म्हणून समोरचा पदर उचलून मागे टाकलेला. म्हणजे हवेच्या जाळीवर मखमलीचे नि अस्तराचे थरावर थर. उस्तांनी त्यावर तळवा ठेवला आणि झटकन काढून घेतला. मीही हात लावला. तंदूरमधून आत्ता काढलेल्या रोटीइतकं गरम होतं.

आता सगळं उलगडलं. उस्ता येणार म्हटलं की घरात धावपळ. कारागीर घरी येणार, त्याला टीव्ही पुसून-सवरून द्यायला नको? आच्छादन काढून, घडी घालून आत ठेवायचं. आम्ही गेलो की पुन्हा घालायचं. टीव्ही दुकानात आला तोही अर्थात उघडा. सहा महिने त्या घराचं आदरातिथ्यच आमच्या मुळावर आलं होतं.

उस्तांचा चेहरा लालबुंद झाला. आता हा माणूस छप्पर उडवणार, हे मला बावीस वर्षांच्या अनुभवाने कळलं. "हे कुणी..." त्यांनी सुरुवात केलीच.

"मी भरलंय, उस्ता," दारातून मुअत्तर म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "दोन वर्षं लागली."

"माहेराहून एवढीच काय ती बरी वस्तू आणली," आपा म्हणाली. "ते जाऊ द्या. आज तुमच्या डोळ्यांदेखत मेला ना? सांगा आता, हिचा पायगुण नाही तर काय?"

पोरीची नजर उस्तांच्या हातावर होती, आणि हात पुन्हा आच्छादनावर. तिला समजलं होतं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. म्हातारीचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं होतं. टीव्ही हिच्यामुळेच बंद पडत होता.

उस्तांनी आच्छादनावरून हात काढला. मग खाली बसले, पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"आपा," ते म्हणाले, "चूक माझी आहे."

मला वाटलं माझे कान वाजतायत.

"पहिल्याच दिवशी मी एक कच्चा सांधा तसाच सोडला. तापला की सुटतो. पाच खेपा घातल्या, पण दिसला नाही. डोळे गेले माझे." झाकण उघडून त्यांनी धडधाकट सांध्यावर उगाच सोल्डर लावलं. मग आच्छादन सहज उचलून मुअत्तरच्या हातात दिलं. "हे टीव्हीवर का टाकलंय? असं काम आता बघायला मिळत नाही. भिंतीवर लावा, पाहुण्यांना दिसू दे. आणि टीव्ही उघडाच राहू द्या. नवा सांधा आहे, त्याला हवा लागते."

मग आपाने जे तोंड सोडलं! आंधळा काय, भामटा काय, माझ्या सोन्यासारख्या सुनेला सहा महिने बोल लावायला लावलेत काय! उस्ता मान खाली घालून ऐकत राहिले. पोरगी आच्छादन छातीशी धरून भिंतीला टेकून रडत होती.

रविवारी तिचा बाप दोन खरबुजं घेऊन आला, पुलाव खाऊन एकटाच परत गेला.

आणि आपाने उस्तांची कीर्ती गावभर केली. हमामात, लग्नात, बाजारात. महिन्याभरात उस्तांच्या दारातले टीव्ही निम्म्यावर आले. मी चिडून म्हटलं, "उस्ता, एकाला तरी खरं सांगू द्या!"

"जीभ हासडीन," ते म्हणाले. "एकाला सांगितलंस की संध्याकाळी तिच्या सासूला कळतं."

काल एक माणूस टीव्ही हातगाडीवर घालून माझ्या दारात थांबला. हळूच विचारू लागला, "उस्ता होलमतचा हात गेला म्हणतात, खरं का हो?"

फळीपलीकडे पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. ते ऐकत होते.

"खरंय," मी म्हटलं. "डोळे गेले त्यांचे."