मामूंचं हिरवं दही

यवतमाळ जिल्ह्यात दही लावणारे घरोघरी आहेत, पण दह्याला शिस्त लावणारा माणूस एकच आहे, आणि तो पोटासाठी जळलेल्या मोटरी तारेने पुन्हा भरतो. हे मी प्रेमापोटी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगण्याच्या मी तत्त्वतः विरोधात आहे. बोरी अरबला आमच्या घराला लागूनच मामूंचं मोटर वाइंडिंगचं दुकान. ते नेमके कोणाचे मामा हे आता कोणालाच आठवत नाही. पण गावात हळद असो, अकिका असो, साक्षगंध असो की एखाद्या मास्तरांचा निरोप समारंभ, बोलावण्याच्या यादीत मामूंचं नाव नवरदेवाच्याही वर असतं. कारण मामू येतात तेव्हा त्यांच्या हातात झाकणाचं पातेलं असतं आणि पातेल्यात हिरवं दही. घट्ट चक्का, वाटीभर साय, कोवळी कोथिंबीर, पुदिना, नावापुरता शेपू, लसणाची पात आणि मिरची. त्यात काकडी बुडवा, गाजर बुडवा, ज्वारीच्या भाकरीचा वाळवून कडक केलेला तुकडा बुडवा, मांडवातली भांडणं तेवढ्यापुरती थांबतात. पुण्याहून आलेला एक पाहुणा त्याला ‘डिप’ म्हणाला, तर मामूंनी त्याच्याकडे बिघडलेल्या स्टार्टरकडे बघावं तसं बघितलं. “डिप्पर गाडीले असते, भाऊ. हे दही हाये.”

या दह्याची पहिली अट म्हणजे ते दुकानातच टांगलं गेलं पाहिजे, आणि तेही चेनकुप्पीला. जड मोटरी साखळीने वर उचलायचं जे अवजार असतं, त्याच्या आकड्याला मामू मलमलीचं गाठोडं अडकवतात आणि साखळी ओढून बरोबर छातीएवढ्या उंचीवर आणतात. दही त्या आकड्यावर असेपर्यंत दुकानात एकही मोटर उचलली जात नाही. ऐन हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायचं असलेला शेतकरी दारात हात जोडून उभा असतो. “मामू, माही मोटर घ्या न वर. वावर सुकून राह्यलं.” मामू गाठोड्याखालच्या घमेल्यात पडणारा थेंब बघत म्हणतात, “याचं पानी आधी निथळू दे, मंग तुह्या वावरात पानी.” शेतकरी चिडतो, शिव्या देतो, आणि जाताना हळूच विचारतो, “कोनाकडे हाये कार्यक्रम?”

दुसरी अट अशी की मिक्सर वापरायचा नाही. रोज दोन-चार मिक्सर दुरुस्त करून जगणारा हा माणूस स्वतःच्या स्वयंपाकात मिक्सरला शिवू देत नाही. मामूंच्या बायकोला, आमच्या चाचींना, लग्नात आलेला मिक्सर अजून खोक्यात आहे. “मी त्याची मोटर रोज उघडून पाहतो, बेटा,” मामू म्हणतात, “तिच्यात धीर नसते. मिक्सरमदी पाल्याले ताप येते, मंग तो कडू बोलते.” म्हणून पाटा, वरवंटा, आणि मांडी घालून बसलेले मामू. वाटण झालं की चक्का त्यात एकाच दिशेने घोळायचा. दिशा मोटरच्या फिरण्याचीच, उलटं घोळलं तर म्हणे दही “रिव्हर्स मारते”. घट्टपणाचं त्यांचं मापही दुकानातलंच: “ग्रीसवानी पायजे, ऑइलवानी नाही.” मी एकदा म्हटलं, मामू, खायच्या वस्तूला ग्रीस म्हणू नये. ते म्हणाले, “तू पत्रकात क्रांतीले गोड म्हनतं, मी काही बोललो का?”

हा टोमणा माझ्या घराण्याला होता. माझे वडील पत्रकं छापायचे. पाण्यासाठी, हमीभावासाठी, दारूबंदीसाठी, बुवाबाजीविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच, आणि आता मीही लिहिते. मोर्चानंतर उरलेले गठ्ठे मामूंच्या दुकानात जात. मामू कोऱ्या बाजूवर तारेच्या वेढ्यांचा हिशेब लिहीत आणि उरलेल्यात लसूण गुंडाळत. “तुह्या बापाच्या मागन्या कधी पुऱ्या नाही झाल्या,” ते मला सांगत, “पन माहा लसून कधी कोंबावर नाही आला.” माझ्या खरं बोलण्याच्या हट्टाचीही त्यांनी भरपूर थट्टा केली आहे. एका बारशात मी यजमानाला तोंडावर सांगितलं होतं की भाजी खारट झाली आहे आणि सगळे खोटं बोलत आहेत. मामू तेव्हा पंगतीत ओरडून म्हणाले होते, “हे पोरगी साखरेले गोड म्हनन्याआधी बी पुरावा मांगते!”

पण मामूंची खरी कीर्ती त्यांच्या नाकाची. शेतकरी मोटर घेऊन आला की मामू पाना हातात घ्यायच्या आधी वाकून वास घेत. “जळली नाही. बेरिंग गेलं. चहा पी, देतो.” किंवा नुसतेच मान हलवत, आणि शेतकऱ्याला कळून जाई. दह्याचंही तसंच. मीठ ते चाखून नाही, हुंगून टाकत. दही टांगायच्या दिवशी तर त्यांना स्वतःच्याच दुकानातला वार्निशचा वास सहन होत नसे. गुंडाळलेल्या तारांवर जे वार्निश चढवतात त्याचा वास दही लगेच ओढून घेतं. म्हणून “नाकात टोचून राह्यलं” असं म्हणत मामू तो डबा उचलून आमच्या ओसरीवर आणून ठेवत. डबा आला की आम्ही समजायचो, गावात कुठेतरी जेवण आहे.

गेल्या वर्षी मामूंना मोठा ताप आला. बरे झाले, दुकान उघडलं, पण तेव्हापासून ते प्रत्येक मोटर उघडून बघायला लागले. लोक म्हणाले, वय झालं, माणूस सावध झाला. मीही तेच म्हटलं. पुरावा न मागता.

मग माझ्या ताईचं साक्षगंध ठरलं. मामूंनी जाहीर केलं की आजवर झालं नाही असं दही होणार आहे. त्या गडबडीत ओसरीवर डबा आला नाही, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. दुपारी पाहुणे आले, आणि मामू इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यात पातेलं घेऊन मागच्या अंगणात आले. पहिला मान माझा, कारण खरं बोलणारी मीच. मी झाकण उचललं. दही दिसायला पोपटी, तुकतुकीत, देखणं. आणि वास? जणू कोणी नवी भरलेली मोटर माझ्या नाकाखाली धरली होती.

मी मान वर केली. मामू हात मागे बांधून उभे होते. ते पातेल्याकडे बघत नव्हते, माझ्या नाकाकडे बघत होते. परीक्षेचा निकाल फळ्यावर लागायच्या आधी पोरं बघतात तसं.

“सांग,” ते म्हणाले. “कसं झालं?”

त्या क्षणी मला सगळं कळलं. उघडून पाहिलेल्या मोटरी, न आलेला डबा, आणि हेही, की ज्याच्या नाकावर सगळं गाव विसंबतं त्याचं नाक गेलंय हे आता माझ्या एका वाक्याने मांडवभर होणार. मागून ताईच्या होणाऱ्या सासूबाई ताटली घेऊन येतच होत्या. “हेच का ते मामूंचं दही?”

मी पातेलं उचललं, दोन पावलं चालले, कनातीच्या दोरात पाय अडकवला आणि आडवी झाले. सगळं दही मोगऱ्याच्या आळ्यात गेलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही तोंडाने नाही, पायाने.

“आंधळी झाली का वं पोरी!” मामू असे गरजले की बँडवाला थांबला. “दोन दिवसाचं दही! लिहनं-वाचनं शिकली, चालनं काहून नाही शिकली?” आईने माफी मागितली, मी माफी मागितली. पाहुण्यांनी काकडी लोणच्याशी खाल्ली. मामू न जेवता गेले.

पुढे तीन दिवस बोलणं बंद. चौथ्या दिवशी सकाळी ओसरीवर डबा ठेवल्याचा आवाज आला. गावात कुठेही कार्यक्रम नव्हता. बाहेर आले तर डब्याशेजारी मामू बसलेले.

“तो दोर कोनं बांधला होता?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“आनि सकाळपासून साऱ्याइले कोन सांगत होतं, दोर हाये, पाय पाहून टाका?”

“मीच.”

“हं.” मामूंनी डब्याचं झाकण दाबून बघितलं. “वास याचा येत होता?”

“हो, मामू.”

“लय?”

“लय.”

मामूंनी डबा हाताने थोडा लांब सरकवला. मग म्हणाले, “तापापासून वास गेला. परत येते म्हने डॉक्टर. येऊन नाही राह्यला.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“तुले सांगाचं? तू त पत्रक छापलं असतं.” आणि हसले. हसता हसता कुर्त्याच्या बाहीने नाक पुसलं. “मोगरा जगला का?”

मोगरा मेला. पण हिरवं दही जगलं. आता गावात कार्यक्रम असला की आदल्या दिवशी डबा ओसरीवर येतो आणि मी दुकानात जाते. मामू वरवंटा फिरवतात, मी वास घेते. कोणी विचारलं तर आम्ही सांगतो, पोरगी शिकून राह्यली. पायानंतर आता मी तोंडानेही खोटं बोलते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कठीण काम वेगळंच आहे. पहिल्याच दिवशी मामू डोळे मिटून म्हणाले, “बोल. कोथिंबीर कशी येऊन राह्यली?”

“छान. ताजी.”

“हे पत्रकातली भाषा झाली. वास सांग.”

अन्यायाबद्दल मी न थांबता चार पानं लिहू शकते, पण कोथिंबिरीच्या वासाला माझ्याकडे एक शब्द नव्हता. पाट्यावरचा पाला काळा पडायला लागला. शेवटी म्हटलं, “मामू, लहानपणी आम्ही तुमच्या विहिरीजवळच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात चोरून शिरायचो. सकाळी, दव असताना. मग तुम्ही काठी घेऊन यायचे, आणि मी पळत घरी जायची. घरी गेल्यावर माझ्या चपलेला जो वास यायचा न… तो.”

वरवंटा थांबला. मामूंनी मिटल्या डोळ्यांनीच एक लांब श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“हां,” ते हळूच म्हणाले. “आला. टाक मीठ.”

मी मीठ टाकलं. पुरावा मागितला नाही.