सोपा आणि माजघर

आमच्या शेजारच्या काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. दारात पावणं आलं की चहाच्या आधी त्या वायफायचा पासवर्ड सांगायच्या, तोही ओरडून. मग एक दिवस त्यांच्या गोठ्यातला कॅमेरा म्हशी सोडून आपोआप भिंतीकडं वळायला लागला.

काकूंनी मला हाक मारली. मी राउटरचं पान उघडून दाखवलं. आत शिरलेल्या प्रत्येक फोनचा आयपी पत्ता तिथं दिसत होता. निम्मी गल्ली काकूंच्या घरात नांदत होती, आणि त्यातलंच कुणीतरी कॅमेरा फिरवत होतं! त्या पानाचा पासवर्डही कंपनीतून आला तसाच होता.

"आता कुणालाच देऊ नका," मी म्हणालो.

"पावण्याला न्हाय म्हणू व्हय?" काकू कडाडल्या.

पदर खोचून त्यांनी दोन्ही पासवर्ड स्वतः बदलले. पावण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढलं. तिथून कॅमेऱ्याच्या पत्त्यापर्यंत कुणाला पोचता येत नाही. त्या नेटवर्कचं नाव ठेवलं 'सोपा', म्हणजे पावण्यांना बसवायची पुढची खोली; घरच्याचं 'माजघर'.

कॅमेरा म्हशींवर आला, तो तिथंच राहिला.

संध्याकाळी कागलचे पावणे आले. काकूंनी नवा पासवर्ड अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला आणि वर म्हणाल्या, "बसा की निवांत! पर सोप्यातच!"