पेन्सिलीतले टक्के

गुंतवणूक सल्लागाराच्या टेबलाशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक परिचारिका बसल्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला सात वर्षं उरली होती. अर्जावर दोन चौकोन होते: शेअर किती टक्के, रोखे किती टक्के. सल्लागाराने न विचारताच ते पेन्सिलीने भरून ठेवले होते. शेअर दहा, रोखे नव्वद.

"ताई, या वयात उगाच धडधड कशाला?" तो म्हणाला.

"बावीस वर्षं आयसीयूत काढलीत. धडधडीचं मला नका सांगू. खोडरबर द्या."

"अहो, पण बाजार पडला तर?"

"पडला तर अर्धे पैसे रोख्यांत असतीलच ना. शेअर सावरेपर्यंत त्यांवर भागवीन. नाहीच सावरले, तर काटकसर करीन. पण नव्वद रोख्यांत ठेवून महागाईला कशी पुरी पडू? सात वर्षांनी मी निवृत्त होणार आहे, मरणार नाही."

पन्नाशी ओलांडली की आपले आकडे दुसऱ्यांकडे तयार असतात. किती चालावं, किती खावं, किती धोका पत्करावा. ते काळजीपोटी भरलेले असतात, म्हणून खोडायला संकोच वाटतो. ते पेन्सिलीतले आहेत, हे लक्षातच येत नाही.

बाईंनी दोन्ही चौकोन खोडले, शाईने पन्नास-पन्नास लिहिलं आणि रबराचा भुगा फुंकरीने सल्लागाराच्या बाजूला उडवला.

मग माझ्या हातातल्या अर्जाकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यावरही पेन्सिलीने दहा आणि नव्वदच होतं.

"घ्या," म्हणत त्यांनी खोडरबर माझ्यापुढे सरकवला.