पियानो जिना चढतो, मनात नसताना

मेव्हिस ग्रिबलचं पोट आवाजांवर चालायचं. लंडनच्या रेडिओवर दर रविवारी एक विनोदी मालिका प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित व्हायची. मालिका कसली, वेड्यांच्या इस्पितळाची सहल! त्यात पाद्री घडी होऊन खणात जायचे, युद्धनौका टपालानं यायच्या, आणि हे सगळं ऐकू यायचं ते मेव्हिसच्या हातांतून. लग्नाआधी ती कॅम्बरवेलला मासळीच्या दुकानात होती. मेलेला हॅलिबट मासा ओल्या फळीवर आपटला की हुबेहूब खासदार खुर्चीत बसल्यासारखा आवाज येतो, हा शोध तिथलाच. त्या शोधावर तिला नोकरी लागली होती.

आता ती नोकरी जायची वेळ आली होती. विभागप्रमुख ऐन्स्ली-कूट यांना ग्रामोफोनच्या तबकड्यांनी झपाटलं होतं.

"मिसेस ग्रिबल, जगातले सगळे आवाज तबकड्यांवर आलेत. या रविवारी तुमच्या आवाजाला हशा मिळाला तर बघू. नाहीतर सोमवारपासून तळघरात, तबकड्या पुसायला."

आणि नेमकं त्याच आठवड्यात लेखक पेरिकनं कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: पियानो आपणहून जिना चढतो, मनात नसताना.

"मनात नसताना म्हणजे कसा रे?"

"म्हणजे बघ, वर त्याला कुणी बोलावलेलं नाही. पण खालचा चहा संपलाय."

मेव्हिसनं घरी कपडे पिळायचं यंत्र फिरवलं, खुर्च्या फरपटल्या, छत्रीच्या काड्या पिरगाळल्या. नवरा सिरिल पेपरमागून आवाज ओळखायचा, "कपाट पडलं." नाहीतर, "दुसरं कपाट पडलं."

शनिवारी चहा झाला आणि सासूबाई, म्हणजे हेस्टर ग्रिबल, वर निघाल्या. व्हेलच्या हाडांचा, कंबर आवळायचा जुना कॉर्सेट करकरला, गुडघा कडाडला, कठडा कण्हला, आणि सगळ्यावर एक उसासा असा, की जणू जिना त्यांना न विचारता बांधला होता.

मेव्हिस ताडकन उठली. "आई, थांबा! खाली या!"

"का गं? काय सांडलं?"

"काही नाही. परत चढा."

"सिरिल, तुझी बायको माझ्या जिवावर उठलीये!"

"आई, उद्या माझ्याबरोबर रेडिओवर याल?"

हेस्टरबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "घालू काय?"

"हाच कॉर्सेट. पण त्याला मेण लावू नका हं."

रेडिओत आवाजवाल्यांना दोन नियम. एक, पडद्याआड राहायचं, कारण प्रेक्षक बघून हसले तर घरी ऐकणाऱ्याला वाटतं, आपला सेट बिघडला. दुसरा, तोंडातून ब्र काढायचा नाही, कारण बोलणं हे नटांचं काम आणि नटांची युनियन म्हणजे गांधीलमाश्यांचं पोळं. मेव्हिसनं दोन्ही नियम सासूबाईंना बजावले. त्यांनी मान डोलावली. त्या चर्चमध्येही अशीच डोलवायच्या.

लाल दिवा लागला. नट म्हणाला, "अरेच्चा, पियानोबुवा कुठे निघाले?"

पडद्यामागच्या लाकडी पायरीवर हेस्टरबाईंनी पाय ठेवला. करकर. हशा. वरच्या पायरीवर गुडघा कडाडला. मोठा हशा. मेव्हिसच्या जिवात जीव येतो न येतो तोच बाई थांबल्या आणि मायक्रोफोनवर कडाडल्या,

"दात काय काढताय मेल्यांनो! तुमच्या आया काय उडत जातात वर?"

मग सभागृह असं फुटलं, की एका गृहस्थांची कवळी पुढच्या रांगेत गेली.

ऐन्स्ली-कूट लालबुंद होऊन आत आले. "आवाज बोलला! युनियन माझी कातडी सोलेल!"

"मग बाईंना नटी म्हणून घ्या," पेरिक डोळे पुसत म्हणाला. "पियानोची भूमिका."

"घेतो. पण करकर आणि कडकड उद्याच तबकडीवर घ्यायची. मग मिसेस ग्रिबल तळघरात."

सोमवारी तबकडीवर आवाज घ्यायचं यंत्र लागलं. हेस्टरबाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या, "कुणी नसताना मी का कण्हू?" आणि सोळा वर्षांच्या पोरीसारख्या अलगद चढून गेल्या. पुन्हा तेच. पुन्हा तेच. साहेबांनी कपाळ पुसलं आणि यंत्र बंद करायला सांगितलं.

ते बंद झाल्याची खात्री करून मेव्हिस सासूबाईंच्या कानाशी लागली. "आई, वर तुमची मॉड आलीये. राहायला."

मॉड ही त्यांची नावडती धाकटी बहीण. कॉर्सेट करकरला, गुडघा कडाडला, आणि उसासा तर असा निघाला, की साहेबांच्या हातातला कप थरथरला.

"अहो, हेच! हे मघाशी का नाही आलं?"

"लहरी वाद्य आहे, साहेब."

"मग हे वाजवता येतं कुणाला?"

मेव्हिसनं शांतपणे हात वर केला.

मेव्हिसची नोकरी राहिली, आवाजांचं टेबल राहिलं, हॅलिबट राहिला. फक्त आता दर रविवारी बसमध्ये शेजारची जागा हेस्टरबाईंची.

"गेल्या खेपेला तुझं दार फार जोरात वाजलं," त्या हातमोजे चढवत म्हणाल्या. "माझं वाक्य खाल्लं त्यानं."

"आज हळू लावते, आई."

"आणि तो मासा जरा लांब ठेव. मी आता नटी आहे."