गेलेल्या माणसाचं खातं

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात रत्नमाला मेश्राम नेटवर्कची डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यांच्या खात्यांची नोंद, सांभाळायची. ग्रंथालयासाठी त्यावरची पुस्तकं पारखायची तिची रीत ठरलेली: गेलेल्या माणसाचं खातं कसं बंद करायचं, ते पान आधी उघडायचं. ते नसलं की पुस्तक परत.

त्या दुपारी दोन पुस्तकं अशीच बाद झाली. तिसऱ्यात लिहिलं होतं, ‘आधी शेवटचं लॉगिन पाहा.’ तिनं ग्रंथपाल श्यामरावांचं नाव टाकलं. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी मायेपोटी त्यांचं खातं तिनंच चालू ठेवलं होतं.

शेवटचं लॉगिन: आज, ११.२०.

“कोणाची मस्ती हे?” चिडून तिनं त्या खात्यातून काय उघडलं गेलं ते पाहिलं: ग्रंथालयाच्या खरेदीची यादी. तिसऱ्या पुस्तकापुढे श्यामरावांच्या नावानं ताजा शेरा होता: ‘हेच घे, पोरी. अन् आता मले मोकळं कर.’